उत्सवाचा उगम कसा शोधावा? : हिंगोट, दारूखान्याची लंका आणि पाच नोव्हेंबर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीनंतर महाविद्यालय उघडले आणि बी.ए. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी उजव्या हाताला पट्टी बांधून वर्गात आला. तो गौतमपुऱ्याकडचा. धोक पडव्याला हिंगोटाच्या मैदानात उतरला होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तास संपल्यावर तो थांबला व म्हणाला, "सर, मागच्या वर्षी भाषणात तुम्ही सांगितलं होतं की मराठ्यांनी मुघलांच्या घोडदळावर हिंगोट फेकले, तिथून ही परंपरा सुरू झाली. ते कुठं लिहिलंय? आई म्हणते, पुन्हा जायचं नाही. मी म्हणतो, हा आपला इतिहास आहे. तिला दाखवायला काहीतरी द्या."

माझ्याजवळ द्यायला काही नव्हते. ती कथा मी लहानपणी धारला ऐकली होती, वर्तमानपत्रांत वाचली होती आणि पुढे देवासला शिकवू लागल्यावर व्यासपीठावरून सांगितली होती. तिचा आधार मी कधीच तपासला नव्हता. साहित्याच्या अध्यापकाने पाठभेद तपासल्याशिवाय एखादी ओवी उद्धृत केली तर त्याला आपण दोष देतो. मग उत्सवाच्या बाबतीत मला ही सूट कोणी दिली? प्रस्तुत लेख त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. उत्सवाचा उगम शोधताना कोणते प्रश्न विचारावेत आणि त्यांत भाषेची साक्ष किती उपयोगी पडते, हा त्याचा विषय आहे.

हिंगोट म्हणजे काय?

माळव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातील गाव. देवासहून पश्चिमेला, धारहून ईशान्येला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवसाला माळव्यात 'धोक पडवा' म्हणतात. 'धोक देणे' म्हणजे वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणे. त्या दिवशी संध्याकाळी गौतमपुरा आणि शेजारचे रुणजी या दोन गावांची माणसे देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेतात आणि मैदानात समोरासमोर उभी राहतात. गौतमपुऱ्याचा पक्ष 'तुर्रा', रुणजीचा 'कलगी'. प्रत्येकाच्या खांद्याला झोळी, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात जळते लाकूड.

झोळीत असतात हिंगोट. हे एका काटेरी झाडाचे लिंबाएवढे, कठीण कवचाचे फळ. मराठीत आपण त्याला हिंगणबेट म्हणतो. फळ वाळवून, आतला गर कोरून काढतात, पोकळीत दारू भरतात, तोंड मातीने बंद करतात आणि दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधतात. पेटवून सोडले की ते अग्निबाणासारखे सुटते. दरवर्षी माणसे भाजतात. २०१७ साली जखमी झालेला एक तरुण दगावला आणि बंदीची मागणी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेली. तेव्हा 'उगम काय?' हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नाही. उगमाची कथा हेच परंपरा चालू ठेवण्याचे मुख्य समर्थन म्हणून पुढे केले जाते.

ज्या उत्सवाची जन्मतारीख ठाऊक आहे

अशा वेळी ज्याचा उगम कागदोपत्री पक्का आहे असा एखादा उत्सव आधी पाहावा. म्हणजे प्रश्न कसे विचारायचे ते कळते. मला असा उत्सव देवासच्याच वाटेने सापडला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला. येथील गोकुळाष्टमीचा सोहळा त्याने घरी पाठवलेल्या पत्रांतून वर्णिला. पुढे 'ए पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या शेवटच्या भागात त्या सोहळ्याचा उपयोग केला आणि १९५३ मध्ये ती पत्रे 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापली. आपला उत्सव परक्या माणसाने पाहून, तारीख घालून लिहून ठेवला. आता आपण त्याच्या देशाचा उत्सव त्याच नजरेने पाहू.

इंग्लंडमध्ये दरवर्षी ५ नोव्हेंबरच्या रात्री चौकाचौकांत मोठ्या आगट्या पेटवतात, शोभेची दारू उडवतात आणि कापडाचा, पेंढ्याचा पुतळा जाळतात. पुतळा असतो गाय फॉक्स नावाच्या माणसाचा. (वर्गात हे नाव घेतले की हशा ठरलेला. आपल्या गायीशी त्याचा संबंध नाही.) मूळ घटना अशी : राजा पहिला जेम्स कॅथलिकांवरील निर्बंध सैल करील ही आशा फोल ठरल्यावर रॉबर्ट केट्सबी आणि त्याच्या साथीदारांनी संसदेच्या उद्घाटनाच्या दिवशी राजासह सरदारांचे सभागृह उडवून देण्याचा कट केला. ४ नोव्हेंबर १६०५ च्या रात्री सभागृहाखालच्या तळघराची झडती झाली आणि बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसह फॉक्स पकडला गेला. राजा वाचला म्हणून लंडनकरांनी ५ तारखेला रस्त्यांत आगट्या पेटवल्या. १६०६ च्या आरंभी संसदेने कायदा करून दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये आभारप्रार्थना बंधनकारक केली. तो कायदा १८५९ पर्यंत लागू होता.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली घटना : ती १६०५ ची. दुसरी, ती दरवर्षी साजरी करायला लावणारी सत्ता : संसदेचा कायदा. तिसरी, उत्सवाची सामग्री. आणि ही सगळी एका दिवशी आलेली नाही. आनंदाच्या प्रसंगी आगटी पेटवणे इंग्लंडमध्ये १६०५ पूर्वीही होतेच. शोभेची दारू हळूहळू मिसळली. सतराव्या शतकात जे पुतळे जाळले जात ते बहुधा पोपचे असत; फॉक्सचा पुतळा मागाहून रुळला. मुले त्याला रस्त्यावर बसवून पैसे मागू लागली. त्या गबाळ्या पुतळ्यामुळे 'गाय' हा शब्द प्रथम विचित्र पोशाखाच्या माणसाला आणि पुढे अमेरिकेत कोणत्याही माणसाला लागू झाला. आज आपली मुले मित्रांना 'गाइज' अशी हाक मारतात, ती याच पुतळ्याच्या नावाने.

आणखी एक गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. हा उत्सव जवळजवळ दोनशे वर्षे एका धार्मिक अल्पसंख्य समाजाविरुद्ध वापरला गेला. कट तेरा जणांचा, पण आठवण सर्व कॅथलिकांविरुद्ध जागवली गेली. अमेरिकेत १७७५ साली, त्याच तारखेला, जॉर्ज वॉशिंग्टनला आपल्या सैन्यात पोपचा पुतळा जाळण्यास मनाई करणारा हुकूम काढावा लागला, कारण कॅनडातल्या कॅथलिकांची मैत्री त्याला हवी होती. पुढे कायदा गेला, द्वेष निवळला; आगटी आणि फटाके मात्र राहिले. आज तेथील बहुतेक मुलांना तो थंडीच्या तोंडावरचा मौजेचा दिवस वाटतो. तात्पर्य, उत्सवाची सामग्री टिकते आणि तिचा अर्थ पिढ्यापिढ्यांतून बदलत जातो. आज सांगितला जाणारा अर्थ हाच मूळ अर्थ, असे गृहीत धरता येत नाही.

'दारू' या शब्दाची साक्ष

आता आपल्या सामग्रीकडे वळू. हिंगोटात भरतात ती दारू. मराठीत हा एकच शब्द मद्याला आणि स्फोटक चूर्णाला चालतो, याचे विद्यार्थ्यांना नवल वाटते. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. बंदुकीच्या चूर्णाचा शोध चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास अमरत्वाचे औषध शोधणाऱ्या किमयागारांच्या हातून लागला, आणि चिनी भाषेत त्या चूर्णाचे नाव 'अग्नि-औषध' अशाच अर्थाचे आहे. औषध, स्फोटक आणि मद्य हे तिन्ही अर्थ या एका शब्दाने झेलले आहेत. 'आतषबाजी' हाही फारसी शब्द. आतष म्हणजे अग्नी, बाजी म्हणजे खेळ. त्यांच्या शेजारी आपले भुईनळा, चंद्रज्योत, बाण हे शब्द नांदतात. 'बाण' विशेष पाहण्यासारखा. धनुष्याच्या बाणाचे नाव दारूने उडणाऱ्या नळीला मिळाले आणि मराठ्यांच्या लष्करात तो हत्याराचा शब्द झाला. काडी बांधलेला हिंगोट या अर्थाने बाणच होय.

हे शब्द सांगतात की दारूकाम आपल्याकडे बाहेरून आले आणि येथे रुजले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासावर मोलाचे काम केले आहे. त्यांनी गोळा केलेल्या पुराव्यांत १४४३ साली विजयनगरात महानवमीचा सोहळा पाहणारा अब्दुर रझाक आहे, तसेच आपले संत एकनाथही आहेत. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त (१५७१) कृष्णाच्या लग्नात दारूकामाची रोषणाई आहे. आता कोणी म्हणेल, द्वापारयुगात फटाके होते, पाहा! तसे नाही. नाथांनी आपल्या काळातील थाटाचे लग्न पाहिले होते आणि आपल्या देवाला त्याहून कमी थाट कसा शोभेल, या भावनेने ते लिहिले. काव्य हे कवीच्या काळाची साक्ष देते; कथेच्या काळाची नव्हे. हा नियम साहित्याच्या विद्यार्थ्याला पाठ असतो, पण उत्सवाच्या कथांना तो लावायला आपण विसरतो.

कोट्याची लंका पर्वतीच्या पायथ्याशी

उत्सव एका ठिकाणाहून दुसरीकडे कसा जातो, याचे एक सुंदर उदाहरण पेशव्यांच्या बखरीत आहे आणि गोडे यांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले आणि १७९४ मध्ये मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. बखरीप्रमाणे, त्यांनी तरुण पेशवे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तेथील राजा शहराबाहेर 'दारूखान्याची लंका' उभारतो. रावण, राक्षस, हनुमान सारे दारूकामाचे. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंका पेटवतो. पेशव्यांनी तसाच देखावा आपल्यालाही दाखवावा असे सांगितले. मग पर्वतीजवळ, अंधाऱ्या रात्री, ती लंका उभी राहिली आणि जळली; पेशव्यांनी आणि सरदारांनी ती पर्वतीवरून पाहिली.

बखर म्हणजे रोजनिशी नव्हे, हे ध्यानात ठेवूनही येथे उगमाचे चित्र स्पष्ट दिसते. कथा रामायणाची, कसब राजस्थानी कारागिरांचे, वर्णन करणारा उत्तरेत वावरलेला मराठी सरदार, हौस पुण्याच्या पेशव्यांची. पुढे एखाद्या पुणेकराने 'ही आमची रामायणकाळापासूनची परंपरा' असे म्हटले असते तर ते खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. हनुमानाची कथा पुरातन. पर्वतीवरील देखावा मात्र एका संभाषणातून जन्मलेला. कोटा ते पुणे या रस्त्यावर आपला माळवा मध्येच आहे. पवार, होळकर, शिंदे यांच्या छावण्यांतून माणसे, हत्यारे, गाणी आणि उत्सव दोन्ही दिशांनी जात-येत होते. माळव्यातील कोणतीही रीत तपासताना ही वर्दळ डोळ्यांसमोर हवी.

हिंगोटाला तीन प्रश्न

आता पाच नोव्हेंबरला लावलेले तीन प्रश्न हिंगोटाला लावू : घटना कोणती व ती कोणी नोंदली? ती दरवर्षी करण्याची रीत कोणी घातली? आणि सामग्री, नावे कुठून आली?

पहिला प्रश्न. मराठे आणि मुघल यांची माळव्यात झुंज झाली, हे निर्विवाद आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला; तो लढाईत मारला गेला. त्या मोहिमेत उदाजी पवार होते, ज्यांच्या घराण्याने पुढे धारला राज्य केले. लढाईत बाण वापरले जात, हेही खरे. पण 'मुघलांशी लढाई झाली' आणि 'त्या लढाईत हिंगोट वापरले व त्याची आठवण म्हणून हा खेळ सुरू झाला' या दोन विधानांत मोठे अंतर आहे. त्या काळाचे मराठी कागद थोडेथोडके नाहीत. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले निवडक कागदच ४५ खंडांत छापलेले आहेत. दुसरे विधान करणाऱ्याने असा एखादा कागद पुढे ठेवावा. तोपर्यंत ती कथा म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नव्हे.

दुसरा प्रश्न. गावाचे नावच येथे बोलते. गौतमपुरा हे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यावरून पडले. म्हणजे 'गौतमपुरा विरुद्ध रुणजी' या आजच्या रूपातील सामना होळकरांचा अंमल माळव्यात बसण्याआधीचा असू शकत नाही. खेळ त्याहून जुना असेल, पण मग तो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या जुळणीत खेळला जात असला पाहिजे. पाच नोव्हेंबरला जसा संसदेचा कायदा आहे, तसा येथे हुकूम नाही. रीत चालते ती दोन गावांच्या आपसांतील संमतीवर.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पक्षांची नावे तुर्रा आणि कलगी का? आजची कथा मराठे-मुघल अशी आहे. मग पक्षांची नावे तशी नाहीत. मराठी वाचकाला या शब्दांची ओळख पटायला वेळ लागू नये. हीच आपल्या शाहिरीतील कलगी-तुऱ्याची जोडी. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानणार. कलगीवाले शक्तीला, मायेला. दोन्ही फडांनी रात्रभर भेदिक कवनांतून एकमेकांना कोडी घालायची, उत्तरे द्यायची. कोकणात 'शक्ती-तुरा' या नावाने हे सामने आजही रंगतात. राजस्थानात तुर्रा-कलंगीचे ख्याल आहेत. माळव्याच्या माचाच्या घडणीतही या आखाड्यांचा वाटा आहे. आणि या परंपरेची स्वतःची उगमकथा माळव्याच्या बाजूचीच आहे : तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर चंदेरीच्या दरबारात गायले, राजाने प्रसन्न होऊन आपल्या पगडीचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली.

हीसुद्धा कथाच आहे. तिला वेगळा न्याय लावायचे कारण नाही. पण एक गोष्ट कथेवर अवलंबून नाही. तुर्रा आणि कलगी ही नावे जेथे जेथे आढळतात, तेथे ती प्रतिस्पर्ध्यांची आहेत, शत्रूंची नव्हेत. एका पगडीवरचीच ही दोन भूषणे. एक फड नसेल तर दुसऱ्याला गाता येत नाही. गौतमपुऱ्याच्या मैदानात हीच नावे असतील, तर माझा तर्क असा की हा सामना पूर्वी शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील चढाओढ म्हणून ओळखला जात असावा आणि परकीय शत्रूवरील विजयाची कथा त्यावर मागाहून चढली असावी. सामना संपल्यावर दोन्ही पक्ष गळाभेट घेतात, हे या तर्काला धरून आहे. मुघलांशी लढणारा मराठा लढाईनंतर गळाभेट घेत नव्हता.

फळाचीही एक साक्ष आहे. हिंगणबेटाचे संस्कृत नाव इंगुदी. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात, दर्भाच्या टोकांनी तोंडाला जखम झालेल्या हरणाच्या पाडसाला शकुंतलेने इंगुदीचे तेल लावले होते, याची आठवण निघते. दारूप्रमाणेच हे फळही आधी औषध होते.

वर्गात काय सांगावे?

या शोधातून हिंगोट बंद करावे किंवा चालू ठेवावे, असा निकाल निघत नाही. तो निर्णय गावाचा, प्रशासनाचा आणि न्यायालयाचा आहे. एवढे मात्र म्हणता येते की एखाद्या तरुणाने हात भाजून घ्यायचा तर तो 'पूर्वजांनी शत्रूवर मिळवलेल्या विजयासाठी' असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला पुराव्यावाचून नाही. धार-देवाससारख्या गावांत, जेथे एकाच जागेच्या, एकाच दिवसाच्या दोन समाजांजवळ दोन आठवणी असू शकतात, तेथे उगमकथा जपून सांगावी लागते. इंग्लंडने तेरा माणसांच्या कटाची आठवण एका समाजावर लादली आणि ती निवळायला दोन शतके लागली.

अध्यापक मित्रांना माझी एक सूचना आहे. दिवाळी, होळी, दसरा यांच्या सुटीनंतर विद्यार्थ्यांना 'आमच्या गावचा उत्सव' हा निबंध देण्याऐवजी उत्सवातले वीस शब्द गोळा करून आणायला सांगावे. वस्तूंची, पक्षांची, जागांची, क्रियांची नावे. घरातील सर्वांत वृद्ध माणूस जशी उच्चारतो तशी. मराठी, माळवी, निमाडी, उर्दू, सगळी चालतील. मग प्रत्येक शब्दाला विचारावे, तू कुठला आणि कधी आलास? वर्णनात्मक निबंध आंतरजालावरून उतरवता येतो. आजीच्या तोंडचा शब्द येत नाही. आणि माळव्यातील आपल्या मराठी घरांत हे शब्द जाणणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

त्या विद्यार्थ्याला मी वरील सर्व सांगितले, तेव्हा प्रथम तो नाराज झाला. कथा काढून घेतली की हातात काय राहते, असे त्याला वाटले असावे. तुर्रा-कलगीची गोष्ट मात्र त्याने दोनदा सांगायला लावली. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने हाच विषय घेतला आणि पुढच्या धोक पडव्याला तो जाळीच्या बाहेर, वही घेऊन उभा राहिला. आईला काय दाखवलेस, असे विचारल्यावर म्हणाला, "काही नाही सर, धोक दिली."

माझ्या त्या भाषणाचे टिपण अजून माझ्याजवळ आहे. त्यात मी एकच दुरुस्ती केली आहे : 'येथून ही परंपरा सुरू झाली' या वाक्याआधी 'असे सांगतात' हे दोन शब्द घातले आहेत.